शेपटीवालं अक्षर

इशेनाली अगायांच्या तोंडात तळलेल्या पिठाचा बोर्सोक होता, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. तो तसाच राहिला. हातातल्या कागदावर त्यांच्या सख्ख्या आजोबांनी गावच्या पहिल्या मास्तरांवर नुकताच वार केला होता.

घटना १९३९ सालातली, पण अगायांना ती कळली मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता. नारीन शहरात इतिहास आणि ‘माणूस आणि समाज’ शिकवणाऱ्या शिक्षकांचा तीन दिवसांचा प्रशिक्षणवर्ग चालू होता आणि चहाची सुट्टी झाली होती. आजूबाजूला तेवीस शिक्षक बशीतले बोर्सोक खिशात घालण्याच्या उद्योगात होते. कोणाचंही लक्ष नव्हतं. एका माणसाच्या पायाखालून सात पिढ्या सरकल्या आणि शेजारी कोणीतरी विचारत होतं, “जर्दाळूचा मुरंबा संपला का हो?”

अगाय म्हणजे आदराचं ‘गुरुजी’. आता हे अगाय कोण, ते आधी सांगायला हवं. काश्काबुलाकच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवणारा माणूस. आडनाव आजोबांच्या नावावरून आलेलं, चोरोयेव. कालपाक टोपी इतकी ताठ, की वर्गात शिरताना आधी टोपी शिरे आणि मागून अगाय. सहावीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक पोराने उभं राहून आपल्या सात पूर्वजांची नावं घडाघडा म्हणायची, असा त्यांचा शिरस्ता होता. पाचव्या नावाला अडखळलेलं पोर तास संपेपर्यंत उभं. मग नमुना म्हणून अगाय स्वतःची यादी म्हणून दाखवत. दुसऱ्या नावापाशी मुद्दाम थांबून, घसा खाकरून म्हणत, “चोरो! ज्याने काल्मिर्झा मास्तरांना लपवलं, तो चोरो!” (हा च चहातला, चोरातला नव्हे. चोरो म्हणजे वीराचा जिवाभावाचा साथीदार. मराठी कानांनी घाई करू नये. घाई अगायांनी स्वतःच पुष्कळ केली आहे.)

आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, कधीही न पुसलेली एक ओळ होती: ‘कागद काय म्हणतो?’ एखादं पोर “आमची आजी सांगते की...” असं म्हणालं, की अगाय खडूने त्या ओळीकडे बोट दाखवत. आजी काय वाट्टेल ते सांगते. कागद काय म्हणतो?

चोरोच्या पराक्रमाला कागद नसला तरी डबी होती. अडतीस सालच्या हिवाळ्यात काल्मिर्झा मास्तरांना पकडून न्यायला घोडेस्वार आले, आणि गावातल्या कोणीतरी त्यांना लपवलं. पुढच्या वर्षी वारं फिरलं, प्रकरण मिटलं, मास्तर परत शिकवायला लागले. कोणी लपवलं, ते त्या काळात विचारायची सोय नव्हती. नंतर युद्ध आलं. मास्तर गेले, लपवणारा गेला, ज्यांना ठाऊक होतं तेही गेले. त्र्याण्णव साली शाळेच्या अडगळीत शिंगाची एक तंबाखूची डबी सापडली. झाकणावर जुन्या लॅटिन अक्षरांत कोरलं होतं: अमुकला, काल्मिर्झाकडून, १९३९. ते ‘अमुक’ वाचलं आमच्या अगायांनी. तेव्हा ते ताजेतवाने शिक्षक होते आणि तीन आठवड्यांचं शिक्षक-प्रशिक्षण घेऊन अंकाराहून परतले होते. येताना चहाचे सहा नाजूक पेले आणि लॅटिन अक्षरांबद्दल प्रचंड आत्मविश्वास घेऊन आले होते. पेले वर्षभरात फुटले. आत्मविश्वास टिकला. सीला खाली शेपूट असली की च, हे तुर्कस्तानातलं शेंबडं पोरही सांगेल. अगायांनी वाचलं, चोरो! डबी शाळेच्या संग्रहालय-कोपऱ्यात काचेआड गेली. शेजारी मास्तरांचा फोटो लागला, गालावर लांब व्रण असलेला. व्रण कसला, असं पोरांनी विचारलं, की अगाय सांगत, “लांडगा.” याला मात्र त्यांनी कागद कधी मागितला नाही.

या वैभवाचा त्रास सगळ्यात जास्त कोणाला झाला असेल, तर कुर्मान जोरोयेवला. तोही त्याच शाळेत खालच्या वर्गांना इतिहास शिकवायचा. दोघं एका वर्षी जन्मलेले, म्हणजे कुर्दाश. कुर्दाश लोकांना एकमेकांची वाटेल तशी थट्टा करायचा जन्मसिद्ध परवाना असतो, आणि अगायांनी तो तीस वर्षं न चुकता वापरला होता.

“कुर्मान, तुझे आजोबा तेव्हा काय करत होते रे, इतिहास घडत होता तेव्हा?”

“गवत कापत होते,” कुर्मान शांतपणे सांगे. “सामूहिक शेतावर गवत्या होते. त्यांनी कापलं, मेंढ्यांनी खाल्लं, विषय संपला.”

“अरेरे. एक ओळ नाही रे तुमच्या घराण्याची इतिहासात!”

“मेंढ्या जाड होत्या पण.”

असे हे दोघं नारीनला एकाच गाडीतून आले, वसतिगृहात एकाच खोलीत उतरले आणि पहिल्या दिवशी एकाच वेळी हादरले. कारण शिकवायला बिश्केकहून आलेली बेगाइम जेमतेम सव्वीस वर्षांची होती. तिने आल्या आल्या सगळ्यांना गोल उभं केलं, एक मऊ चेंडू फेकला आणि विचारलं, “तुमचा ‘माणूस आणि समाज’चा तास जर प्राणी असता, तर कोणता असता?”

पंचावन्न वर्षांच्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारलेला नसतो. चेंडू कुर्मानकडे आला. तो म्हणाला, “हिवाळ्यातलं अस्वल. सगळे झोपलेले असतात.” अगायांनी चेंडू झेलला, हिमबिबट्या म्हणाले आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून खाली बसले. मग भिंतीवर कागदाचं झाड लागलं. प्रत्येकाने हिरव्या पानावर आपली अपेक्षा लिहून चिकटवायची होती. बारा पानांवर ‘नवीन ज्ञान’ आलं, अकरांवर ‘प्रमाणपत्र’, आणि एका पानावर कुर्मानच्या अक्षरात ‘दुपारी कुउर्दाक असावं’.

शेवटी प्रत्येकाला संदर्भ-साहित्याची जाडजूड फाइल मिळाली. दोनशे चाळीस पानं. पाठांचे आराखडे, नकाशे, प्रश्नपत्रिका आणि मागे सात परिशिष्टं. शिक्षकांनी ती तोलून पाहिली, समाधानाने मान हलवली आणि मिटून ठेवली. अगायांनी तर रात्रीपर्यंत तिचा उत्तम उपयोग शोधून काढला: गरम चहाचा पेला ठेवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेगाइमने लिफाफे वाटले. “प्रत्येकाला आपापल्या भागातल्या एका जुन्या कागदाची प्रत आहे. खरीखुरी. उद्या यावरून पंधरा मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा, सगळ्यांसमोर. कागदाला प्रश्न विचारायचे, अगाय. कागद काय म्हणतो ते मुलांनाच शोधू द्यायचं.”

“हे मी एकतीस वर्षं करतोय, पोरी,” अगाय म्हणाले आणि लिफाफा ऐटीत फोडला. तोंडात बोर्सोक घातला. वाचलं.

पानाचा वरचा भाग फाटलेला. जांभळी शाई फिकट झालेली. काश्काबुलाकचं नाव आणि एकोणचाळीस साल नीट दिसत होतं. खाली जबाबाच्या चार ओळी होत्या, जुन्या लॅटिन अक्षरांत. अगायांनी अंकाराच्या भरवशावर पहिली ओळ लावली: ‘मुगालिमदी जोप मेनेन चापतिम.’ म्हणजे, जोपच्या साथीने मी मास्तरला वार करून पाडलं.

पुढे: ‘तीन वेळा भोसकलं. त्याने आवाज केला नाही. मीही केला नाही.’

आणि खाली सही होती. शेपटीवालं सी. ओ. आर. ओ.

बोर्सोक तिथेच थांबला तो असा.

माणसाला धक्का बसला की तो गप्प बसतो, रडतो, पाणी मागतो. इतिहासाचा शिक्षक असेल तर तो पुरावे जुळवायला लागतो. दहा मिनिटांत अगायांचं सगळं जुळलं होतं. गालावरचा तो लांब व्रण! लांडगा कसला, आजोबाच! आणि डबी? मास्तर मोठ्या मनाचे. वार करणाऱ्यालाच माफ करून डबी दिली त्यांनी! छे, किती भयंकर, आणि किती तंतोतंत. एकच धागा लोंबकळत होता. हा जोप कोण?

त्यांनी जिन्यात जाऊन बायकोला, बुरुलला, फोन लावला.

“अगं, आपल्याकडे जोप नावाचा कोणी होता का?”

“कोण?”

“जोप. जोप! आजोबांच्या वेळचा. सोबत असायचा त्यांच्या.”

“जोप हे नाव आहे होय? अहो, तुम्ही जेवलात का?”

“जेवणाचं काय घेऊन बसलीस! आपल्या घराण्यात कोणी कोणाला... म्हणजे सुरी-बिरी...”

“मेंढी मारायची आहे का? पाहुणे आणताय? किती जण?”

अगायांनी फोन बंद केला. बुरुलने तिकडे पीठ मळायला घेतलं, ते संध्याकाळपर्यंत कशासाठी मळलंय ते तिला कळलं नाही.

दुपारी कुउर्दाक होतं. अगायांनी बटाटे एका बाजूला केले, मांस दुसऱ्या बाजूला केलं आणि दोन्हीकडे बघत बसले. कुर्मानने चमचा खाली ठेवला. तीस वर्षांत या माणसाने मांस टाकलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

“काय रे? पोटात?”

“कुर्मान, तुझ्या लिफाफ्यात काय आलं?”

“मेंढ्यांची यादी. त्रेचाळीस सालची. चारशे बारा मेंढ्या, त्यातल्या नऊ लंगड्या. बघ, मेंढ्या आमच्या घराण्याचा पिच्छा सोडत नाहीत.”

“आणि समज, तुझ्या लिफाफ्यात... समज, तुझ्या आजोबांबद्दल वाईट काही आलं असतं तर?”

कुर्मानने आपला लिफाफा पुढे सरकवला. मग थट्टा न करता म्हणाला, “मेंढ्यांची यादी घे. तुझा कागद खिशात घाल. कोणाला कळणार आहे? ती पोरगी चोवीस कागद थोडेच पाठ करून आली असेल.”

हा मोह काही लहान नव्हता. आजोबा गेले की मागे काय उरणार होतं? संग्रहालयाचा कोपरा, सहावीचा पहिला दिवस, ते घसा खाकरणं. एकतीस वर्षं ज्या नावावर छाती काढून चालले, ते नाव सगळ्या जिल्ह्यासमोर स्वतःच्या तोंडाने बुडवायचं? आणि न बुडवावं, तर फळ्यावरच्या त्या ओळीखाली उद्यापासून कोणत्या तोंडाने उभं राहायचं? अगायांनी कुउर्दाक कुर्मानकडे सरकवलं. कुर्मानने ते संपवलं. दुःखात मित्राला इतकी तरी मदत करावी.

तिसऱ्या दिवशी नाव पुकारल्यावर अगाय पुढे गेले. टोपी काढून टेबलावर ठेवली. हे पाहूनच मागचे दोघं जागे झाले. कालपाक कोणी उगाच काढत नाही.

“मुलांनो,” ते म्हणाले. समोर बसलेल्या मुलांपैकी तिघं आजोबा झालेले होते. “हा कागद एका चोरोचा आहे. तो माझा आजोबा. आमच्या गावच्या मास्तरांना त्याने लपवलं, असं मी एकतीस वर्षं शिकवलं. कागद काय म्हणतो? कागद म्हणतो, जोप नावाच्या माणसाच्या साथीने त्याने मास्तरांवर वार केला. तीनदा भोसकलं. जोपचा शोध चालू आहे.”

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर रुमाल धरला. कुर्मान अर्धवट उठला आणि परत बसला.

बेगाइम भिंतीपाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आधी दया होती, मग गोंधळ, मग काहीतरी भलतंच. “अगाय,” ती हळूच म्हणाली, “ओळ परत वाचता?”

“मुगालिमदी जोप मेनेन चापतिम.”

“तुम्ही अंकाराला गेला होतात का कधी?”

“तीन आठवडे,” अगाय म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांचा आवाज एक पायरी वर चढला.

“म्हणूनच.” तिने पुढे येऊन टेबलावरची फाइल उघडली. पानांवर चहाच्या पेल्याची गोल गोल वर्तुळं उमटली होती. ती पानं उलटत सातव्या परिशिष्टाशी गेली. “ही आपली जुनी लॅटिन लिपी. जेमतेम बारा वर्षं चालली. हिच्यात शेपटीवालं सी म्हणजे ज. बिनशेपटीचं म्हणजे च. तुर्की लिपीच्या बरोबर उलटं. आता वाचा, अगाय.”

अगायांनी बोट ओळीवर ठेवलं. प्रत्येक अक्षर धरून धरून, पहिलीतल्या पोरासारखं वाचलं.

“मुगालिमदी... चोप... मेनेन... जापतिम.”

चोप म्हणजे गवत. जापतिम म्हणजे झाकलं.

मी मास्तरला गवताने झाकलं. तीन वेळा भोसकलं. त्याने आवाज केला नाही. मीही केला नाही.

सभागृहात कोणीतरी “आई गं” म्हणालं. कोण, ते नंतर कोणीच कबूल केलं नाही. कारण आता सगळ्यांना ते दिसत होतं: गवताची गंजी, भोवती घोडेस्वार, गंजीत खुपसून काढलेला भाला, एकदा, दोनदा, तीनदा. आत गाल फाटलेला एक माणूस, तोंडातून ब्र न काढणारा. आणि बाहेर दुसरा एक माणूस, आपल्या गवताकडे बघत उभा, तोही ब्र न काढणारा.

अगायांच्या अंगात जीव आला. आजोबा खुनी नव्हते! त्यांनी टोपीकडे हात नेला आणि तो हात वाटेतच थांबला. त्यांनी कागदावरची सही पाहिली. शेपटीवालं सी. शेपटीवालं.

“म्हणजे हे...” ते म्हणाले.

“जोरो,” बेगाइम म्हणाली.

कुर्मानला त्या क्षणापर्यंत वाटत होतं की आपला मित्र सुटला, आणि तो तोंडभर हसत होता. मग चोवीस माना त्याच्याकडे वळल्या, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, की सगळे कोणाकडे बघतायत. मागे भिंत होती आणि कागदाचं झाड.

“गवत्या होते,” कुर्मान म्हणाला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं कसं ते त्याला कळत नव्हतं. “आमचे आजोबा गवत्या होते हो. ते काही... त्यांनी नुसतं गवत...” आणि तो खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शहाण्या पोरासारखा बसला आणि वर्ग संपेपर्यंत उठला नाही. प्रमाणपत्र त्याच्या मांडीवर आणून ठेवावं लागलं.

परतीच्या गाडीत दोघं दोन टोकांना, प्रमाणपत्रं मांडीवर पालथी ठेवून बसले. चालकाला वाटलं, प्रशिक्षणात नापास झाले. डोलोनची खिंड ओलांडल्यावर कुर्मानने विचारलं, “तुला खरंच वाटलं होतं, तुझ्या आजोबांनी मास्तरांना भोसकलं?”

“वाटलं म्हणजे काय, पुराव्यानिशी.”

“आणि तरी तू पुढे जाऊन सांगितलंस?”

“मग काय तुझ्या मेंढ्या शिकवू?”

कुर्मान खिडकीबाहेर बघायला लागला. मग तिकडेच बघत म्हणाला, “मी असतो तर मेंढ्या शिकवल्या असत्या.”

घरी बुरुलने वीस माणसांचं जेवण करून ठेवलं होतं. पाहुणा एकच आला, आणि त्याला तिने तीस वर्षांत पहिल्यांदा मानाच्या जागी, दारासमोरच्या भिंतीपाशी बसलेलं पाहिलं. तिथे त्याला कोणी ढकललं, ते तिच्या नवऱ्याने सांगितलं नाही. “अहो, तो जोप कोण होता ते कळलं का?” तिने वाढता वाढता विचारलं. “गवत होतं,” अगाय म्हणाले. तिने दोघांच्याही पेल्यांचा वास घेऊन पाहिला.

सोमवारी शाळा सुटल्यावर अगायांनी संग्रहालय-कोपऱ्याची काच उघडली, डबी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी कुर्मानपुढे धरली. एकतीस वर्षांपूर्वी हीच डबी त्यांनी एका हाताने उचलली होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःची पाठ थोपटली होती.

“घे. तुमच्या घरची आहे.”

कुर्मान अगायांनी ती घेतली. (हो, अगाय. गेल्या चार दिवसांत सगळं गाव त्यांना असं म्हणायला लागलं होतं आणि दर वेळी ते दचकत होते.) झाकणावरच्या अक्षरावरून, त्या छोट्या शेपटीवरून त्यांनी अंगठा फिरवला. आजोबांचा फोटो घरात नव्हता. वस्तू नव्हती. कबर नव्हती. एवढीच एक शेपटी होती. मग त्यांनी डबी परत काचेआड ठेवली.

“इथेच राहू दे. पोरांना दिसली पाहिजे. फक्त चिठ्ठी बदल.”

चिठ्ठी अगायांनी आधीच लिहून आणली होती. ‘गवत्या जोरो यांना काल्मिर्झा मास्तरांकडून, १९३९.’ खाली बारीक अक्षरांत: ‘त्र्याण्णव सालापासून आजवर हे नाव चुकीचं वाचलं गेलं.’

कुर्मान अगायांनी ती वाचली, चष्मा कपाळावर सारला, परत खाली घेतला आणि पुन्हा वाचली. तीस वर्षं साठवलेला परवाना त्यांच्या डोळ्यांत लकाकला.

“वाचलं गेलं?” ते म्हणाले. “कोणी वाचलं? आपोआप वाचलं गेलं का? कागद काय म्हणतो, कुर्दाश?”

अगायांनी चिठ्ठी परत घेतली.

“नाव घाल खाली. पूर्ण नाव, चोरोयेवसकट. तुमच्या घराण्याचीही एक ओळ राहू दे इतिहासात.”

आणि इशेनाली अगायांनी कालपाक काढून खिडकीत ठेवला, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि नाव लिहिलं. च काढताना दोनदा थांबले.